पेंटशॉपचे कपडे आणि घरची पावडर

कपडे धुवायची पावडर घरीच करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाल्यावर. तो महाळुंग्याच्या एका कंपनीत पेंटशॉपला होता, कंत्राटावर. कंपनी काही फार मोठी नाही. दुचाकींचे मडगार्ड, आरशांची कव्हरं असला प्लास्टिकचा माल तिथे रंगवतात आणि मोठ्या कंपन्यांना पाठवतात. ओव्हरटाइम होता तोवर घर कसंबसं पण ताठ मानेनं चाललं होतं. तो थांबला आणि मी घरातली प्रत्येक वस्तू संशयानं बघायला लागले. चहा कमी केला, केबल काढून टाकलं आणि मग नजर गेली ती पावडरीच्या पुड्यावर. लेकीच्या शाळेचे दोन गणवेश, आमचे रोजचे आणि कंपनीचे मळकट कपडे, एवढं सगळं धुताना पुडा बघता बघता संपायचा.

एक सांगून ठेवते. लिहिताना मी नवऱ्याला ‘तो’ म्हणते आहे, समोर मात्र ‘अहो’च. आम्ही साताऱ्याकडचे, लग्न झाल्यापासून तळवड्यात भाड्यानं राहतो. तो शांत आहे, म्हणजे इतका शांत की भाजीवाल्यानं कमी भाजी दिली तरी घेऊन येतो. आणि चिंता करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. आभाळ स्वच्छ असलं तरी मी गॅलरीतले पापड आत घेते. तो मला हवामान खातं म्हणतो.

तर निगडीला एका हॉलमध्ये बचत गटाच्या बायकांसाठी पावडर करायची शिकवणी होती, तिथे मी जाऊन आले. धुण्याचा सोडा, मीठ आणि स्लरी नावाचं एक काळपट, काकवीसारखं घट्ट द्रव्य. सोड्यात स्लरी थोडी थोडी ओतायची आणि घमेल्यात कालवत राहायचं. मिश्रण गरम होतं, वाफ नाकात गेली की ठसका लागतो. मग ते ताडपत्रीवर पसरायचं, वाळलं की चाळायचं, थोडा वास घालायचा. पहिला घाणा खडे खडे झाला. दुसरा मात्र असा जमला की विकतच्या पुड्याच्या तोंडात मारेल. कंपनीच्या कपड्यांवरचे डाग निघाले, कॉलर स्वच्छ झाल्या. मी दोरीवरच्या कपड्यांकडे गॅलरीतून उगाचच बघत उभी राहायची.

अडचण एकच होती, फेस. आमचं मशीन जुनं, अर्धं काम आपण करायचं तसलं. त्यात पावडर टाकली की फेस झाकणाबाहेर यायचा, कितीही पाणी ओतलं तरी संपायचा नाही, आणि सगळा पाइपातून खाली घरमालकिणीच्या अंगणात. घरमालकीण इथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. जमीन गेली, बंगला-बिल्डिंग आली, पण अंगण अजून शेणानं सारवायची हौस आहे. एका सकाळी त्या जिना चढून वर आल्या.

“अगं बाये, गटारातनं फेस वर आलाय, समदं आंगण पांढरं झालंय. खोली भाड्यानं दिलीया आमी, धोबीघाट न्हाई काढला,” त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत उतरूनही गेल्या.

खोली सोडायला सांगितली तर अनामत, सामान, लेकीची शाळा, हे सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. लगेच रिक्षा करून मी स्लरीवाल्याचं दुकान गाठलं. त्याला हे रोजचंच असावं. त्यानं एका बाटलीत दुधासारखं पांढरं काहीतरी ओतून दिलं आणि म्हणाला, घाण्यात एवढंसं टाका, फेस बसेल. टाकलं, आणि खरंच बसला. शिवाय कपडे हाताला मऊ लागायला लागले. घरमालकिणीनं पुन्हा तक्रार केली नाही. मी इतकी खूश झाले की पावडरीची एक पिशवी खालच्या मजल्यावर दिली.

खालच्या मजल्यावर परभणीकडचं कुटुंब राहतं. तो माणूसही त्याच कंपनीत, त्याच पेंटशॉपला, कंत्राटावरच. मी त्याला भाऊजी म्हणते, त्याच्या बायकोला वहिनी. दोघं पुरुष एकाच मोटरसायकलवर निघोज्याच्या बाजूनं कामावर जायचे आणि एकाच पेट्रोलवर परत यायचे. दोघांचं कामही एकच. रंग मारायच्या आधी माल कापडानं पुसून लाइनवर टांगायचा. हातात पांढरे सुती मोजे घालायचे, म्हणजे बोटांचा घाम मालाला लागत नाही. ते मोजे आठवडाभर पुरायचे आणि घरीच धुतले जायचे. कंपनीत पेंटशॉपवाल्यांना कडक नियम होते. डोक्याला तेल नको, तोंडाला क्रीम नको, अत्तर नको. माझी सासू गावाहून आली की लेकाच्या कोरड्या डोक्याकडे बघून हळहळायची. पण साबणाबद्दल कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

आणि त्या सुमाराला एक मोठी आशा लागलेली होती. पेंटशॉपमधल्या दोन-तीन जणांना कंपनी स्वतःच्या रोलवर, म्हणजे कायम घेणार, अशी बातमी होती. म्हणजे ठेकेदार संपला, दर काही महिन्यांनी ब्रेक म्हणून घरी बसवणं संपलं, आजारी पडलं तर दवाखान्याचं भागलं. साहेबांनी नवऱ्याला आणि भाऊजींना दोघांनाही तसं सुचवलं होतं. इतकी वर्षं आम्ही ज्याची वाट बघत होतो ते दाराशी येऊन उभं होतं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. चांगलं होणार असं कुणी सांगितलं की माझा जीव जास्त घाबरतो.

मग एक दिवस नवरा जेवताना गप्प होता. नेहमीही गप्पच असतो, पण हे गप्प वेगळं होतं. विचारल्यावर म्हणाला, रंगात खड्डे येतायत. म्हणजे माल रंगवून भट्टीतून बाहेर आला की वर बारीक बारीक गोल खळगे दिसतात. माल परत घासायचा, परत रंगवायचा. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं गाडी परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हवेचे फिल्टर बदलले, रंगाचे डबे बदलले. मग साहेबांचं लक्ष माणसांकडे वळलं. सगळ्यांचे लॉकर उघडले, खिसे तपासले, डोकी हुंगली.

भाऊजींचा खांदा दुखायचा. ते घरून बाम चोळून जायचे. नियमात नव्हतं, त्यांनाही माहीत होतं, पण खांदा काही नियम पाळत नाही. वास आला आणि ते सापडले. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून खड्डे निम्मे झाले. साहेब म्हणाले, बघा, कारण सापडलं, उरलेले लाइनला लागलेल्या बामाचे असतील, तेही जातील. सगळ्या पेंटशॉपनं सुटकेचा निःश्वास सोडला.

नवरा हे सांगताना पुढे एक वाक्य बोलला. साहेबांनी सगळ्यांना उभं करून समजावलं होतं म्हणे, की हे खड्डे सिलिकॉननं येतात. क्रीममध्ये असतं, पॉलिशमध्ये असतं, कपडे मऊ करायच्या औषधात असतं. नखावर मावेल एवढं पुरतं, रंग त्या जागी चिकटतच नाही, मागे सरतो. नवरा भात कालवत होता. मऊ हा एकच शब्द माझ्या कानात राहिला.

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडून मी थेट दुकानात गेले. त्या पांढऱ्या औषधात काय असतं, एवढंच विचारलं.

“सिलिकॉनच की ताई, दुसरं काय असणार?” तो माणूस म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की बसमध्ये बसायला जागा असून मी उभी होते. डोक्यात हिशेब जुळत होता. माझी पावडर दोनच घरांत. दोन्ही घरांतले पुरुष मालाला हात लावणारे. एक घरी बसला, खड्डे निम्मे झाले. उरलेले निम्मे माझ्या नवऱ्याच्या हातातले.

मी काय केलं ते सांगते. घरी आल्याबरोबर पावडरीचा डबा माळ्यावर टाकला. तळवड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवे मोजे आणले. नवऱ्याचे कंपनीचे कपडे गरम पाण्यात घालून साबणाच्या साध्या वडीनं घासले, पुन्हा घासले, बोटांची सालं निघेपर्यंत घासले. मशीनला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला म्हटलं, जुने मोजे फाटले होते, हे घाला. त्यानं घातले. त्याला कधी शंका येत नाही, हा त्याचा गुण की दोष हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला वाटलं, झालं, निस्तरलं. कुणाला काही कळायची गरज नाही. भाऊजींनाही बोलावतील चार दिवसांनी.

त्या संध्याकाळी नवरा हसत घरी आला. येताना लेकीसाठी सामोसे आणले होते.

“आज एकसुद्धा खड्डा नाही,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, प्रश्न मिटला. बामच होता तो.”

मी विचारलं, मग भाऊजींचं काय? तो बूट काढत होता, त्याचं हसू गेलं. म्हणाला, त्याला आता परत घेत नाहीत. ठेकेदाराला सांगितलंय, याला दुसरीकडे लाव म्हणून.

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले आहे. मी जे निस्तरलं म्हणत होते, त्यानंच त्या माणसावर शिक्का बसला होता. मी गुपचूप बदललेल्या त्या मोज्यांनी साक्ष दिली होती की दोष खालच्या मजल्यावरचा आहे. लेक सामोसा खात होती आणि शाळेतलं काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू येत नव्हतं. गप्प राहिले तर नवरा रोलवर जाणार होता. बोलले तर काय होणार, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मी थोडा वेळ गप्प राहायचंच ठरवलं होतं. लेकीचं खाणं होईपर्यंत मी तशीच होते. मग खालून भाऊजींच्या खोकल्याचा आवाज आला आणि मला ते सहन होईना.

मी सगळं सांगितलं. फेस, घरमालकीण, दुकान, मोजे. नवऱ्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटत होतं त्यानं ओरडावं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचारत होता, कधीपासून टाकतेस, खाली किती दिलीस, बाटली आहे का अजून. मग म्हणाला, साहेबांनी आजच दोघांची नावं वर पाठवलीत, त्यातलं एक माझं.

“कुणाला कळणार नाही,” मी म्हटलं. मीच म्हटलं. सगळं सांगून झाल्यावर माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं.

“मला कळलं ना आता,” तो म्हणाला.

सकाळी त्यानं जुने मोजे मागितले आणि बाटली मागितली. मी दोन्ही एका पिशवीत बांधून दिलं. जेवणाचा डबा विसरून तो पिशवीच तेवढी घेऊन निघाला, तेव्हा मी जिन्यात धावत जाऊन डबा दिला. त्या मोटरसायकलवर मागची सीट रिकामी होती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते आणि मनात त्याचं तिथे उभं राहणं, साहेबांचा चेहरा, ठेकेदाराचा फोन, सगळं एकदम चाललं होतं.

तो दिवस सरता सरेना. मी भांडी दोनदा घासली. फोन हातात घ्यायची, ठेवायची. कंपनीत आत मोबाइल नेऊ देत नाहीत, हे माहीत असूनही. शेवटी खाली गेले. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीत भाऊजी भिंतीकडे तोंड करून आडवे होते. मी मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि मान वर न करता सांगितलं, की बामाचा काही दोष नाही, माझ्या पावडरीत ते होतं, हे आज कंपनीत तेच सांगायला गेलेत.

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली.

“ताई, दिवसभर असंच पडून राह्यलाय हा माणूस,” त्या हळू म्हणाल्या. “सोताचा खांदा कापून टाकावा वाटायलाय म्हनतो. अन् तुमाला ठाऊक होतं?”

मी म्हटलं, परवा कळलं. परवा आणि आज यांच्यामधला दिवस त्यांनी मोजला असणार, कारण माझ्याकडे न बघता त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मेथी संपली तशी मी उठले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

नवरा नेहमीच्या वेळेला आला. मी दारातच उभी होते. त्यानं सावकाश पाणी प्यायलं, मग सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. एका साध्या पट्टीवर ते जुने मोजे घासले, तिच्यावर रंग मारला आणि भट्टीत घातली. पट्टी बाहेर आली ती खड्ड्यांनी भरलेली. साहेब बराच वेळ ती हातात फिरवत होते. रागावले नाहीत. सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाले. भाऊजींना उद्यापासून कामावर यायला सांगितलं. सगळ्यांना नवा नियम लावला, मोजे आणि कपडे कंपनीतच धुतले जातील. आणि नवऱ्याला म्हणाले, दोष तुमच्या घरातून आला, मला वर उत्तर द्यायचंय, तू तूर्त डिस्पॅचला जा.

डिस्पॅच म्हणजे तयार माल खोक्यात भरायचा, पट्ट्या मारायच्या, गाडीत चढवायचा. पेंटशॉपचा भत्ता तिथे नाही. तूर्त म्हणजे किती, हे साहेबांनी सांगितलं नाही आणि माझ्या नवऱ्यानं विचारलं नाही. त्याच्या जागी मी असते तर विचारलं असतं. पण त्याच्या जागी मी असते तर मुळात गेलेच नसते, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून मोटरसायकलचा आवाज आला, मागे भाऊजी बसले. दोघं पुन्हा एकत्र जायला लागले. वहिनी हळूहळू बोलायला लागल्या, आधी कचऱ्याच्या गाडीबद्दल, मग पाण्याबद्दल. मला वाटलं, चला, नोकरी तर टिकली.

रोलवर घ्यायची बातमी आली ती अशीच एका साध्या दिवशी. पेंटशॉपमधले जे घेतले त्यांत भाऊजी होते. नवरा नव्हता. पेंटशॉपमध्येच नाही तर नाव कसं राहणार, असं ठेकेदार म्हणाला. डिस्पॅचला सगळे कंत्राटीच आहेत आणि तसेच राहणार आहेत. भाऊजी संध्याकाळी पेढे घेऊन वर आले. दारात उभे, आत यायला तयार नाहीत, पुडा पुढे केलेला.

“वहिनी, ही जागा त्याची होती,” एवढंच ते म्हणाले.

नवरा आतून आला, पेढा उचलला, अर्धा त्यांच्या तोंडात घातला आणि म्हणाला, पार्टी पाहिजे आता, पेढ्यावर भागणार नाही. मी स्वयंपाकघरात गेले. मला राग आला होता. साहेबांचा, भाऊजींचा, त्या दुकानदाराचा, घरमालकिणीच्या अंगणाचासुद्धा. सगळ्यात जास्त माझ्या नवऱ्याचा, कारण तो खरोखरच हसत होता. मी चहा टाकला आणि त्यात साखर घालायची विसरले. दोघांनी तसाच प्यायला.

भाऊजी गेल्यावर नवऱ्यानं डिस्पॅचचा शर्ट काढून माझ्याकडे दिला. खोक्यांची धूळ आणि टेपचा गोंद लागलेला शर्ट. पेंटशॉपवाल्यांचे कपडे आता कंपनीत धुतात, याचे मात्र अजून घरी.

“आता काढ तुझी पावडर माळ्यावरून,” तो म्हणाला. “खोक्यांना खड्डे पडत नाहीत.”

तो मला हसवायला बोलला होता. मी शर्ट घेतला आणि मोरीत गेले.

लेकीचे गणवेश, आमचे कपडे, चादरी, सगळं मी आता पुन्हा घरच्या पावडरीत धुते. ते पांढरं औषध न घालता केलेली पावडर आहे, थोडीच टाकते आणि फेस बादलीतच जिरवते. परवडतं ते हेच. पण त्याचे कंपनीचे कपडे मी अजून त्यात घालत नाही. ते वेगळ्या बादलीत, साध्या वडीनं, हातानं धुते, आणि गॅलरीतल्या दोरीवर दुसऱ्या कपड्यांपासून लांब वाळत घालते. तो म्हणतो, कशाला एवढा त्रास, काही उपयोग नाही त्याचा. मी म्हणते, असू दे. उद्या अचानक पेंटशॉपला परत बोलावलं, तर त्याच्या अंगावर स्वच्छ कपडे असले पाहिजेत.